आपले, ते, इतर

काकांच्या दुकानाची उधारीची वही
उलटी धरली की निवडणुकांची वही.
मागच्या पानापासून सुरू झालेली,
पुढून येणाऱ्या तेल-गूळ-काडेपेटीला
मध्ये कुठंतरी गाठेल अशी.

तीन रकाने. आपले. ते. इतर.
पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही,
उमेदवार तर नाहीच.
बोरसंगीच्या शाळेपासून पावलं मोजून
लिंगप्पा काका टेबल टाकून बसायचे,
मोजणीला एस्टीनं सोलापूर,
परतताना आकडा सदऱ्याच्या खिशात
आणि काकूसाठी पुडीभर फुटाणे.
घरात कन्नड, वहीत मराठी.

सदुसष्ट : आपले ४१२, ते ३१, इतर ११.
एकाहत्तर : आपले ४३८, ते १९, इतर ११.
सत्त्याहत्तरला देश हलला म्हणतात.
आपले ४०३.
"शाईची बाटली सांडली," एवढीच नोंद.

मग आकडा झिजत जातो,
कुणी तक्रार करावी इतका नाही,
साबणाच्या वडीसारखा,
तीच वडी, तोच हात.
३६०. ३४१. ३०२.
बाजूला काकांचं तिरकं अक्षर :
"गिरणी बंद. बारा घरं गावात परत."
"कॅनॉल पुढच्या गावापर्यंतच."
"पाटलाचा धाकटा तिकडं."
"पोरं पुण्याहून जीपनं आली. जीप कुणाची, विचारलं नाही."
आणि एका वर्षी नुसतं
"बायका वेगळ्या."

नव्व्याण्णव : आपले २५१, ते २४८.
तीन मतांसाठी काका महिनाभर
गिऱ्हाइकांच्या तोंडाकडं बघत राहिले,
साखर तोलताना
काटा थांबायची वाट बघत.

आणि दोन हजार चौदाला,
आपले ४४७, ते ६२.

मी पान पुन्हा वाचलं.
आकडा खरा होता. गावानं तसंच केलं होतं.
फक्त 'आपले' आता दुसऱ्या रकान्यावर होतं,
आणि पहिल्यावर, त्याच ठसठशीत अक्षरात, 'ते'.
खाडाखोड नाही, शाई एकच.
मागं गेले. दोन हजार नऊला मथळेच नाहीत.
एक निवडणूक बिनमथळ्याची गेली
आणि त्यात काय ते झालं.

टेबल तेच, सतरंजी तीच,
यादीत बिराजदार, हत्तुरे, म्हेत्रे, कोळी,
त्याच क्रमानं.
विचारलं असतं तर म्हणाले असते,
"मी कुठं हललो? हितंच बसलोय की."
आणि ते खोटं नव्हतं.

तिसऱ्या रकान्याकडं मी उशिरा पाहिलं.
११, ११, ९, ७, ४, ४, २,
मग १. १. १. १.
वारं इकडचं असो, तिकडचं असो,
एक.
समासात काकांचा प्रश्न, "हा कोण?"
चार वेळा. शेवटचा शिसपेन्सिलीनं,
हात थरथरलेला.

मला वाटायचं, तेच असणार.
दिवसभर एकाच्या टेबलावर बसायचं
आणि आत जाऊन बोट दुसरीकडं ठेवायचं,
माणूस एवढं तरी स्वतःजवळ ठेवतोच.

काका एकवीसला गेले.
चोवीसचा आकडा मीच आणला,
टेबलावरच्या नव्या पोराकडून,
त्यानं मोबाइलवर दाखवला.
पहिल्या दोन रकान्यांना काय म्हणायचं कळेना,
डोकी कोरी सोडली.
तिसऱ्यावर लिहिलं, इतर.
खाली, १.

काकू भाकरी थापत होती.
पन्नास वर्षं कुणीही विचारलं तर
"ते सांगतील तिथं" म्हणणारी.
मी वही तिच्यापुढं धरली.
"यारिगे गोत्तु," म्हणाली, कुणाला ठाऊक,
आणि शाईचं बोट
ज्वारीच्या पिठात बुडवलं.
बाहेर काढलं तेव्हा
पाचही बोटं सारखी.